अर्धी ओळ

दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक एकच, एक शिक्षिकाबाई, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. काउंटरवर त्यांच्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप. यजमान गेले आणि मागोमाग त्यातली सिस्टमही गेली. त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेली देवाची गाणी आत अडकली.

"मला बाकी काही नको हो, दादा. फक्त त्यांचा आवाज."

दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्हवरून सगळ्यांसाठी खुली असलेली, फुकटातली सिस्टम चढवली. नव्या बिऱ्हाडकरूसारखी ती घरभर फिरली. स्क्रीन ओळखला, कीबोर्ड ओळखला, वायफायशी तर माहेरच्या माणसासारखी बोलली. एका दाराशी मात्र अडली. स्क्रीनवर अक्षरं आली: साउंड कार्ड सापडले नाही.

"याचा ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच दिसत नाही, ताई. म्हणजे दुभाष्याच नाही. पण गाणी शाबूत आहेत, माझ्या कॉम्प्युटरवर लावतो."

लावली. गाणं पुढे सरकत राहिलं, आवाज काही आला नाही.

"ती याच्यावरच वाजायची," लॅपटॉपकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या.

कुठलंही मशीन तपासताना रेकॉर्डर सुरू करून एखादी ओळ अर्धीच गुणगुणायची, ही त्याची सवय. परत ऐकताना उरलेली अर्धी आपण म्हणायची, म्हणजे आवाज कुठे फाटतो ते कळतं. आत्ताही लॅपटॉपवर हात सवयीने चालला. तो गुणगुणला आणि परत लावलं.

त्याची अर्धी ओळ आली. तो तोंड उघडणार, तोच एका जड, खर्जातल्या गळ्याने उरलेली पुरी केली.

बाईंची पर्स खाली पडली.

"हेच ते. एकट्याने गाणं त्यांना जमायचंच नाही. मागे म्हणणारं कोणीतरी लागायचं. मी मेली बेसूर, कधी साथच दिली नाही."

स्क्रीनवर अजून तेच: साउंड कार्ड सापडले नाही.

त्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, दोन्ही स्पीकर सोडवून बशीत ठेवले. "लूज कनेक्शन असेल," तो स्वतःशीच म्हणाला.

"पुन्हा करा ना, दादा."

"ताई, आता यातून आवाज निघायला वाटच नाही."

"करा हो."

या वेळी तो गुणगुणला नाही. बाईही गप्प, मिटल्या ओठांवर रुमाल धरून. रेकॉर्डरवरची रेघ मात्र डोंगरदऱ्या काढत चालली होती.

त्याने परत लावलं.

तोच खर्जातला गळा. ओळ अर्ध्यावर सोडलेली, वाट पाहिल्यासारखी.

मग बायकी आवाज. जरासा बेसूर.

त्याने झाकण मिटलं. बॅटरी उपसून स्पीकरशेजारी ठेवली.

बाईंचा चेहरा उजळला होता. रुमाल बाजूला करून त्या काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, गळ्याची शीर हलली. शब्द आले नाहीत.

ते आले काउंटरवरून, मिटलेल्या झाकणाखालून.

"किती उपकार झाले, दादा."