बिनसावलीची फेरी

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही मुष्टियुद्धाच्या रिंगणापासून अवघ्या पंधरा पावलांवर बसला आहात. ठोसा बसल्याचा धप् आवाज येतो, बूट फळ्यांवर करकरतात, कुणीतरी दातांतून श्वास सोडतं. ऐकू सगळं येतं; पण समोर पाहावं, तर दुधाच्या भिंतीसारखा पांढरा उजेड. शेजारचा माणूस मात्र टाळ्या वाजवतोय, कारण त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि त्या चष्म्याचे पैसे त्याने भरले आहेत.

अकोल्याच्या अकरा वर्षांच्या कस्तुरी खंडारेवर खरोखरच ही वेळ आली होती. आणि त्या पांढऱ्या भिंतीच्या आत लढणार होती तिची सख्खी बहीण, दीक्षा.

सामन्याची जागा म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. तिथे नईम सर तीस वर्षं वस्तीतल्या मुलांना मुष्टियुद्ध शिकवत आले होते. सरांचा एक कान ठोसे खाऊन खाऊन भज्यासारखा गोळा झाला होता. तीन महिन्यांपूर्वी एका वाहिनीने गोदाम सामन्यांसाठी भाड्याने घेतलं आणि सरांचा सराव बाहेरच्या मैदानात गेला.

त्या दिवशी सकाळी रिंगण झाकणाऱ्या प्रकाशपटलाची तपासणी चालू होती. ते यंत्र बनवणाऱ्या डॉ. पुष्पा तायडे शिडीवरून उतरल्या, तर खाली सर उभेच. मागे कस्तुरी.

"मॅडम, एवढं समजावून सांगा. माझ्या पोरायलेच काऊन दिसत नाही?"

"मच्छरदाणीत झोपला असाल ना, सर? आत दिवा लावला, की झोपलेला माणूस बाहेरून दिसतो. तो दिवा विझवून बाहेरून टॉर्च मारला, तर नुसती जाळी दिसते. रिंगणाभोवती आम्ही बारीक धुक्याची जाळी सोडतो. दिवे सेकंदाला हजार वेळा बदलतात. एक क्षण उजेड खेळाडूंवर, पुढचे नऊ क्षण धुक्यावर. आपला डोळा काही इतका चपळ नाही. तो सगळं एकत्र कालवतो, आणि मग धुकंच दिसतं. तालचष्म्याच्या काचा मात्र त्याच तालावर उघडमीट करतात. धुकं उजळलं की बंद, खेळाडू उजळले की उघड्या."

"म्हणजे दहातला एक क्षण पाह्याचे पैसे."

"आणि दर फेरीचे वेगळे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "हा पडदा मी दवाखान्यातल्या रुग्णांच्या आडोशासाठी बनवला होता, सर."

"दर फेरीचे वेगळे, म्हणूनच वाहिनीवाल्यायनं दीक्षाले सांगून ठेवलंय ना, पहिल्या दोन फेऱ्यांत पाडू नको, सामना लांबव. हा खेळ झाला, का दुधात पाणी?"

वाहिनीचे व्यवस्थापक सबनीस तिथेच होते. "सर, वस्तीतल्या मुलांना फुकट बसू द्यायचं, असं करारात आहे. आम्ही पहिली रांग देतोय. चष्म्याबद्दल करारात अक्षर नाही."

"पाह्यल्याशिवाय पोरगं शिकते काय, साहेब? मी भिंतीवर चढून पाह्यलं, तवा शिकलो. दीक्षा मले पाहून शिकली. चार वर्षांपूर्वी सामने असे पडद्याआड गेले नव्हते, तवा साठ पोरं होती इथं. आता सात."

"महिनाअखेर पटावर वीस मुलांची नावं नसली, तर तुमचं केंद्र बंद आणि गोदाम कायमचं आमचं. हेही करारात आहे." सबनीस गोड हसले. "तुम्हाला आता आरामच आहे."

सरांच्या कानाची पाळी लाल झाली.

कस्तुरी कधीची त्या मच्छरदाणीतच अडकली होती. "मॅडम, आत दिवा आणि बाहेर टॉर्च, दोन्ही एकदम लावले तर?"

"ज्याचा उजेड जास्त, त्याचं चालेल."

"आतला लई जास्त असला तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तर पडदा हरेल. पण एवढा मोठा दिवा आणणार कुठून?"

आता गोदामाची एक गंमत ऐका. रिंगणाच्या बरोबर वर, छताला पत्र्याची मोठी झडप होती. कापसाची धूळ जावी म्हणून कधीकाळी केलेली. दोरी ओढली की उघडायची, सोडली की आपल्या वजनाने मिटायची. दोरी अडकवायचा आकडा कधीच तुटला होता, आणि सरांनी तो मुद्दाम बसवला नव्हता. सरावाच्या सुरुवातीला सगळ्यात लहान मुलाने दोरी ओढायची आणि पूर्ण एक फेरी, म्हणजे तीन मिनिटं, धरून ठेवायची. सुटली, तर त्या दिवशी हातमोजे नाहीत. कस्तुरीने वर्षभर ती झडप धरली होती. वाहिनीवाल्यांनी खिडक्यांना काळं फासलं, पण मिटलेल्या झडपेकडे कुणी पाहिलं नाही. खांबाजवळची दोरी त्यांना घंटेची वाटली.

सामना दुपारी सव्वाबाराला होता. वाहिनीवर पैसे भरून घरबसल्या सामना पाहणारे बहुतेक जण पूर्वेकडच्या देशांत होते आणि तिकडे तेव्हा संध्याकाळ असते.

"आतून मलेही कोणी दिसत नाही गं," हाताला पट्ट्या गुंडाळता गुंडाळता दीक्षा म्हणाली. "पांढऱ्या डब्यात कोंडल्यावानी वाटते. तू ओरडजो."

"ओरडतो ना, ताई."

पहिल्या फेरीत कस्तुरी घसा बसेपर्यंत ओरडली. तिचा आवाज चष्मेवाल्यांच्या गोंगाटात बुडाला. फेरी संपली तशी ती पाणी प्यायला अंगणात गेली, आणि थबकली. झेंड्याच्या काठीला सावलीच नव्हती. मे महिन्याची तेवीस तारीख. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, या सुमाराला अकोल्यात सव्वाबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. म्हणजे वरून आलेलं ऊन सरळ खाली पडणार. रिंगणात पडणार, भोवतालच्या धुक्याला शिवणारसुद्धा नाही.

मच्छरदाणीच्या आतला दिवा!

ती धावत खांबाशी आली. सर तिथेच होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग छताकडे, मग तिच्याकडे.

"फेरी तीन मिनिटांची असते," सर म्हणाले. "सुटली, तर हातमोजे नाहीत."

दुसऱ्या फेरीची घंटा वाजली आणि कस्तुरीने दोरीला लोंबकळून ओढ दिली.

पत्रा करकरला. अकोल्याचं ऊन, ज्याला आपण वर्षभर शिव्या घालतो, ते ऊन खांबासारखं सरळ रिंगणात उतरलं. धुक्याची भिंत विरून गेली. पहिल्या रांगेतली बाकीची पोरं उभी राहिली. दारात घुटमळणारी आणखी पंचवीस-तीस आत घुसली. चष्मेवाल्यांना मात्र तेच दृश्य मंद दिसू लागलं, कारण त्यांच्या काचा दहातला एकच क्षण उघडत होत्या. पैसे भरलेल्यांना उन्हाचा दहावा हिस्सा, फुकट्यांना सगळं. एकेकाने मुकाट्याने चष्मा काढला.

दीक्षाने डोळे बारीक करून भोवती पाहिलं. समोर तिची सगळी वस्ती होती. आता सामना लांबवायचा कोणत्या तोंडाने? तिने हनुवटी खाली घेतली, डावा पाय पुढे सरकवला आणि पोरांनी वर्षानुवर्षं सामन्यात फक्त ऐकलेला तिचा डावा ठोसा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. जागच्या जागी तीही हात चालवून बघू लागली.

"दिवे वाढवा," सबनीस ओरडले.

"सगळे लावलेत," डॉ. तायडे म्हणाल्या. "सूर्याला भारी पडेल असा दिवा माझ्याकडे नाही."

सबनीस दोन रखवालदार घेऊन खांबाकडे आले. "ए पोरी, सोड ती दोरी."

कस्तुरीचे तळवे सोलवटले होते. अजून एक मिनिट बाकी होतं. पोरं मागे वळून तिच्याकडे पाहत होती.

तिने दोरी डाव्या हाताला गुंडाळायला घेतली. सरांनी पट्टी बांधायला शिकवलं होतं तशीच, आधी अंगठ्यावरून, मग मनगटाभोवती, मग बोटांच्या पेरांवर तीन वेढे. मूठ घट्ट मिटली. उजवी मूठ हनुवटीशी आणली, डावा पाय पुढे टाकला, आणि ती सबनीसांकडे तोंड करून उभी राहिली.