मांडीची चढण

काचेपलीकडच्या खोलीत अडीच वर्षांचा वेदांग चपलांच्या जोड्या लावत होता आणि काचेअलीकडे बसलेले पाच सरकारी पाहुणे डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होते. नाशिकच्या या बालमेंदू संशोधन केंद्रातली बारा मुलं कुणी न सांगता सांडलेलं पाणी पुसत होती, रुमालांच्या घड्या घालत होती, खाऊन झालं की आपापली ताटली उचलून मोरीत नेत होती. पाहुण्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नसावं, म्हणून त्यांना कौतुक जरा जास्तच होतं.

"आता खरी गंमत बघा," केंद्राचे संचालक डॉ. प्रभाकर नेरकर म्हणाले.

वेदांगसमोर राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवले गेले. एक उघड्या बशीत, दुसरा घट्ट झाकणाच्या बरणीत. वेदांगनं बशी बाजूला सारली आणि बरणी पोटाशी धरून तो झाकणाशी झटू लागला. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. चार मिनिटांनी झाकण निघालं तेव्हा तो खुदखुदून हसला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांच्या नादात पुढचं कुणी पाहिलं नाही. ते फक्त डॉ. वृंदा गायधनीनं पाहिलं. वेदांगनं लाडवाला हातही लावला नाही. त्यानं झाकण पुन्हा घट्ट बसवलं आणि परत काढायला घेतलं.

"हे करता कसं तुम्ही?" एका पाहुण्यानं विचारलं.

"सोपं आहे. पाणी पुसल्याबद्दल मुलाला चॉकलेट दिलंत, तर ते चॉकलेटसाठी पाणी पुसतं. चॉकलेट थांबलं की पुसणंही थांबतं. आम्ही कामाला बक्षीस देतच नाही, कामात पडणाऱ्या कष्टाला देतो." नेरकरांनी एक मऊ, निळी पट्टी उचलून दाखवली. "ही श्रमपट्टी. मनगटावर बांधायची. मुलाची पकड, ठोके, श्वास यांवरून ती श्रमांक काढते. श्रमांक चढला की त्याच क्षणी मेंदूतल्या तोषकेंद्राला हलकासा संकेत जातो. सहा आठवड्यांत कष्ट आणि आनंद यांची मेंदूत गाठ बसते. मग पट्टी काढून टाकायची. गाठ राहते."

"कायमची?"

"कायमची. पुढच्या महिन्यात चार हजार पाळणाघरांत पट्ट्या जातील. फक्त प्रयोगप्रमुखांची सही बाकी आहे." आणि त्यांनी प्रयोगप्रमुखांकडे, म्हणजे वृंदाकडे, हसून पाहिलं.

वृंदा हसली नाही. नेरकर तिचे गुरू, पीएच.डी.चे मार्गदर्शक. त्यांच्यासमोर तिनं आजवर आवाज चढवला नव्हता. पण गेले बारा दिवस ती धुमसत होती.

पाहुणे चहाला गेले आणि ती त्यांच्या खोलीत शिरली. "सर, मी सही करणार नाही."

"का?"

"माझी मुलगी, कावेरी, माझ्या मांडीवर बसत नाही."

नेरकरांनी चष्मा काढला. "वृंदा, माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. आंघोळीचा टॉवेल जमिनीवर टाकतो आणि तो कुणीतरी उचलेपर्यंत त्याच्यावरून चालतो. आणि तू मांडीची तक्रार घेऊन आलीस?"

"ती माझ्याजवळ येत नाही, सर. उचलून घेतलं तर अंग ताठ करते, खाली उतरते. भरवलेला घास थुंकते. सोललेलं संत्रं फेकून देते, न सोललेलं मागते, सोलते आणि टाकून देते. पट्टी काढून बारा दिवस झाले. काहीही फरक नाही."

"फरक पडणार नाही. गाठ राहते हेच तर आपण सिद्ध केलं." ते शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणाचीच वृंदाला चीड आली. "मेंदू सरासरी ठेवतो. कष्टाची गोडी वर गेली की बिनकष्टाचं ते सगळं सरासरीखाली जातं, अळणी लागतं. आईच्या मांडीला कष्ट पडत नाहीत. म्हणून मांडी अळणी. यात बिघाड कुठे आहे? आपल्याच सूत्राचं हे उत्तर आहे."

"मग सूत्र चुलीत घाला."

"ते तुझंच आहे," नेरकर म्हणाले.

हे खरं होतं, आणि खऱ्याचा राग सगळ्यात वाईट. कष्टाला बक्षीस द्यायची कल्पना वृंदाची. सगळ्यात पहिली पट्टी स्वतःच्या मुलीला बांधायची हौसही तिचीच. प्रयोगाची नियमावलीही तिनंच लिहिली होती आणि त्यातला चौथा नियम तिला आता तोंडपाठ होता : काम झाल्यावर पालकांनी मुलाला उचलून घेऊ नये, मुका घेऊ नये, शाबासकी देऊ नये; त्यामुळे मोजमाप बिघडते. बारा घरांनी तो इमानेइतबारे पाळला. सगळ्यात काटेकोरपणे कुणी पाळला असेल, तर तिनं. कावेरी पहिल्यांदा आपली वाटी मोरीत ठेवून धावत आली होती, दोन्ही हात वर करून, आणि वृंदानं वहीत वेळ टिपून घेतली होती.

"मांडी अवघड कर," ती दाराशी पोचल्यावर नेरकर म्हणाले. "उशा रच. तिला चढून यावं लागू दे. येईल."

माझ्या मुलीनं माझ्यापर्यंत यायला डोंगर चढायचा का, असं वृंदाच्या ओठांवर आलं होतं. ती दार आपटून निघाली.

घरी मंदाबाई गवार मोडत बसल्या होत्या. कावेरी जन्मल्यापासून त्याच तिला सांभाळायच्या. वृंदाचा नवरा हर्षद समुद्रातल्या तेलविहिरीवर, सहा आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. समोर कावेरी एकेक शेंग मोडून पातेल्यात टाकत होती. शेंग कोवळी निघाली की बाजूला ठेवायची, जून निघाली की खूश व्हायची.

"सकाळपासून काम, काम अन् काम," मंदाबाई म्हणाल्या. "दुपारी निजली बी नाय. म्या जवळ घेतलं तर असं ढकललं मला, जसं काय मी परकीच. ताई, रागावू नका, पन तुमी शिकलेल्या मान्सांनी काय केलं हो या पोरीचं?"

"कामाची गोडी लावली, मंदाबाई."

"ती काय लावावी लागती व्हय? आमी म्हनायचो, जा गं, तांब्या आन. अर्धं पानी सांडीत यायची पोरगी. तांब्या घ्यायचा, पोरीला वढून मांडीवर घ्यायचं, मुका घ्यायचा. की निघाली दुसरा तांब्या आनायला. त्याला पट्टी कशाला लागती?"

 जगातल्या समस्त आयांना ठाऊक असलेलं बक्षीस तिनं चौथ्या नियमानं बाद केलं होतं, कारण ते मापता येत नव्हतं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं.

मंदाबाई गेल्यावर तिनं घरातल्या झाडून सगळ्या उशा आणल्या. स्वतःची लाज वाटत होती, नेरकरांचा संताप येत होता, तरी तिनं उशा रचल्या. दिवाणाभोवती तीन थर झाले. वर ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "कावू, ये."

कावेरीचे डोळे चमकले. ती चढली, घसरली, परत चढली. उशीच्या खोळीला धरून लोंबकळली. धापा टाकत वर पोचली आणि आईच्या मांडीवर आली. वृंदानं तिला घट्ट धरलं. केसांना तेलाचा आणि घामाचा वास येत होता. कितीतरी दिवसांनी.

दोन श्वास झाले असतील. कावेरी सुटली, घसरगुंडीसारखी खाली गेली आणि पुन्हा चढू लागली. वर आली, मांडीला हात लावला, परत खाली. तिला मांडी नकोच होती, चढण हवी होती. वेदांगला तरी लाडू कुठे हवा होता? वृंदानं एक उशी उचलून भिंतीवर फेकली. कावेरीनं ती उचलून जागेवर आणून ठेवली.

साडेसहाला नेरकरांचा फोन आला.

"अहवाल पाठवलाय. शेवटचं पान बघ आणि सही कर. उद्या सकाळी लागेल."

तिनं शेवटचं पान उघडलं. 'सर्व बारा मुले समाधानी व स्वावलंबी असून पालकांवरील त्यांचे अवलंबित्व लक्षणीयरीत्या घटले आहे.' हे त्यांनी यशाच्या रकान्यात लिहिलं होतं.

"अवलंबित्व?" वृंदाचा आवाज चिरकला. "सर, अडीच वर्षांचं मूल आईवर अवलंबून नसतं तेव्हा त्याला स्वावलंबी म्हणत नाहीत. पोरकं म्हणतात. हे चार हजार पाळणाघरांत करायचंय तुम्हाला? मी जिवंत असेपर्यंत या कागदावर माझी सही होणार नाही. दुसऱ्या कुणाची घेतलीत, तर लाडू न खाता वेदांगनं त्या बरणीचं काय केलं ते मी गावभर सांगीन."

फोन बंद करून तो तिनं दिवाणावर आदळला. कानशिलं तापली होती, जबडा आवळला गेला होता, भुवयांमध्ये घडी पडली होती. इतकी चिडलेली ती स्वतःलाही माहीत नव्हती.

आणि मांडीवर वजन आलं.

कावेरी होती. उशांच्या थरांकडे तिनं पाहिलंही नव्हतं, बाजूनं सरळ चालत आली होती. गुडघ्यांवर उभी राहून ती आईचा चेहरा निरखत होती. मग तिनं दोन्ही तळवे वृंदाच्या कपाळावर टेकवले आणि ती घडी पुसू लागली. फरशीवरचं पाणी पुसायची तशीच, जोर लावून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"आई, हस."

घडी जाईना. कावेरीनं तिचे गाल ओढले, हनुवटी वर केली, गळ्यात हात टाकून गालाला गाल घासला. धाप लागली होती तिला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. ती खाली उतरली नाही.  माझी पोरगी माझ्या मांडीवर आहे, एवढंच तिच्या मनात होतं. ते मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

"झालं," कावेरी समाधानानं म्हणाली. खाली उतरली आणि दाराशी चपलांच्या जोड्या लावायला गेली.

वृंदा जागच्या जागी बसून राहिली. आपण वैज्ञानिक नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, कारण मग हे इतकं लख्ख कळलं नसतं. रागावलेली आई हे घरातलं सगळ्यात अवघड काम होतं. ते काम पुरं होईपर्यंतच लेक मांडीवर राहणार होती.

तिनं खोटा राग करून पाहिला. भुवया चढवल्या, तोंड फिरवलं. कावेरी आली, एकदा हात फिरवला आणि निघून गेली. खोटा राग चटकन पुसला जात होता, त्यात कष्टच नव्हते. राग खरा हवा होता. आणि उद्या आजच्यापेक्षा जास्त हवा होता, कारण मेंदू सरासरी ठेवतो.

बाहेर दिवे लागले होते. मंदाबाईंनी झाकून ठेवलेला वरणभात गार झाला होता. वृंदानं फोन परत हातात घेतला, अहवालाचं शेवटचं पान उघडलं आणि सावकाश वाचलं. मग मागे जाऊन स्वतः लिहिलेला चौथा नियम वाचला. वर केलेले ते दोन इवले हात आणि वहीत टिपलेली ती वेळ तिनं मुद्दाम, नीट आठवली. कानशिलं पुन्हा तापली. जबडा आवळला गेला. त्यात खोटं काही नव्हतं.

चपलांची जोडी अर्धवट टाकून कावेरी आली. मांडीवर चढली, तळवे कपाळाला लावले आणि कामाला लागली.

"हस ना, आई."

वृंदानं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. आणि ती हसली नाही.