डावं पान

मास्तरीणबाईंचे धुतलेले पडदे पोचवायला गेले, तेव्हाच सांगून टाकलं, "मला ते सुरांचे ठिपके वाचायला शिकवा." मी चौथी शिकलेली, लॉन्ड्रीत इस्त्री मारणारी बाई. त्या हसल्या नाहीत. माझी पोर त्यांच्याकडेच पियानो शिकायची. तापानं गेली. तिचं शेवटचं वाजवणं अर्धंच राहिलं होतं, आणि मला ते एकदा, निदान एकदा, पुरतं ऐकायचं होतं.

घरातल्या तिच्या जुन्या पियानोकडे बघून नवरा म्हणाला, "ते डबडं भंगारात घाल."

म्हटलं, "आधी तुला घालते."

शिकले. पाच रेघा, त्यावर शेपटीवाले ठिपके. बोटं निबर, तरी उजवीकडची पानं घोटली. पण वाजवलं की निम्मंच वाटे, पोरीचं वाटेच ना. मास्तरीणबाईंना वाजवून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या,

"अहो, हे चार हातांचं. दोघींनी एका बाकावर बसून वाजवायचं. उजवं पान माझं असायचं. तिचं डावं... तुम्ही माझंच शिकलात."

कपाळावर हात मारून घरी आले. भर दुपार, खोलीत लख्ख ऊन. हट्टानं बाकावर उजवीकडे बसले आणि तेच वाजवलं.

डावीकडच्या पट्ट्या दबायला लागल्या. आपोआप... हळू... बाक करकरला. तिच्या साबणाचा वास आला. पान उलटलं, आणि माझे दोन्ही हात तर पट्ट्यांवर. कोपरा चाचपला. ओला. बोट जिभेला लावून पान उलटायची तिची खोड. त्यापायी किती बोलणी खायची माझी! मग नेहमीच्या जागी ती अडखळली, "च्" केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

घाबरले नाही. आपल्या पोरीला आई कशाला घाबरेल?

मग रोज दुपारी तेच. एकदा नवरा दारातून खेकसला, "दोघींनी जरा दम घ्या की!" बोलला, आणि त्याचंच तोंड पांढरं पडलं. तो आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अडखळायची तिथून पुढचं तिला येतच नव्हतं. तुम्ही डावं पान शिका, म्हणजे पुरतं ऐकाल."

"मी डावीकडे बसले, तर ती कुठे बसेल?"

काल नेहमीसारखीच उजवीकडे बसले. पट्ट्या दबल्या. अडखळायची जागा आली... आणि गेली. "च्" नाही. न शिकवलेलं सगळं, वर्षानुवर्षं घोटल्यासारखं, थेट शेवटापर्यंत. जे ऐकायला जीव टांगला होता ते ऐकलं, आणि त्यात माझी पोर नव्हती. साबणाचा वासही नव्हता.

"बाळा...?" म्हटलं.  पानाचा कोपरा चाचपला.

कोरडा.

शेजारी बाक करकरला. पानं एकेक करून मागे उलटली, पहिल्यापर्यंत. आणि मग ते थांबलं... मी सुरू करायची वाट बघत.