शब्दवजन

घरात टिकल्या लागून महिना उलटला, तरी स्वयंपाकघर वैजयंतीबाईंचं ऐकायला तयार नव्हतं.

“सारंगी लाव,” त्या म्हणाल्या. काही नाही. “जरा सारंगी लावतोस का रे?” त्यांनी भिंतीकडे बघून आर्जवानं विचारलं. भिंत ढिम्म. तेवढ्यात हॉलमधून विद्याधररावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, आरामखुर्चीतून न हलता नुसतं “बातम्या” म्हटलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीसुद्धा लगबगीनं बातम्या सांगू लागल्या. वैजयंतीबाईंनी मुकाट्यानं वांगी चिरायला घेतली.

स्पीकर नावाचे खोके लोकांनी कधीच माळ्यावर टाकले होते. आता कपाळावरच्या टिकलीएवढी चकती भिंतीला चिकटवायची, एका खोलीत चार. वायर नाही, बटण नाही. ही चकती बोलते आणि ऐकतेही. कंपनीनं तिला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण ते उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून लोकांनी सरळ टिकलीच म्हणायला सुरुवात केली. हॉलमध्ये बातम्या, मुलाच्या खोलीत त्याचा धांगडधिंगा, झोपायच्या खोलीत आणखी काही, असं एकाच घरात प्रत्येक खोलीचं संगीत वेगळं ठेवता यायचं. शिवाय जुन्या यंत्रांना आधी नाव घेऊन हाक मारावी लागे, तशी हिला लागत नसे. घरातलं सगळं बोलणं ती ऐकायची आणि त्यात हुकूम कुठला, गप्पा कुठल्या, हे आपलं आपण ठरवायची. घरच्या माणसासारखी, असं जाहिरातीत म्हटलं होतं, आणि ते शब्दशः खरं निघालं.

टिकल्या बसवल्या त्या दिवशी तन्मयनं, म्हणजे मुलानं, स्वयंपाकघरातला जुना रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला. “आई, आता अख्खं घरच रेडिओ झालंय. त्या डबड्याचं काय करायचंय?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण लग्न झाल्यापासून दिवेलागणीला वैजयंतीबाई त्या डबड्यावर सारंगी ऐकत. त्यांना गाण्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण तो सूर लागला, की दिवसभर आपण जे बोललो नाही ते दुसरं कुणीतरी आपल्यासाठी बोलतंय, असं त्यांना वाटायचं. दिवसातला तेवढा अर्धा तास त्यांचा होता, आणि आता तो गेला होता.

आधी त्यांनी दोष स्वतःलाच दिला. टिकल्यांना घरच्यांच्या आवाजाची ओळख करून देताना प्रत्येकानं एक उतारा वाचायचा होता. वैजयंतीबाई तेव्हा बसवायला आलेल्या माणसांसाठी चहा गाळत होत्या, त्यांनी तो घाईघाईत वाचला. आपलंच वाचन कच्चं राहिलं, अशी त्यांची समजूत झाली. म्हणून रविवारी मृण्मयी जेवायला आली तेव्हा त्यांनी ताटावरच विषय काढला. मृण्मयी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ध्वनिशास्त्रातली डॉक्टर, आणि टिकलीला ऐकायला शिकवणाऱ्या मंडळींत तिचं नाव वरचं.

जेवणं झाली, पुरुषमंडळी आडवी झाली, तेव्हा मावशी-भाची स्वयंपाकघरात बसल्या. मृण्मयीनं फोनवर काहीतरी उघडलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“मावशी, तुझा आवाज तिला उत्तम ओळखू येतोय. वाचनात काही चूक नाही.”

“मग ऐकत का नाही?”

मृण्मयी जरा घुटमळली. मग तिनं फोन मावशीपुढे धरला. पडद्यावर गोल होते, लहानमोठे. एक चांगला भाकरीएवढा.

“हे काका. हा तन्मय. ही दारावरची घंटा. हा मधला, कुकरची शिट्टी.”

“आणि मी?”

मृण्मयीनं बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. तेव्हा कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका दिसला.

“आम्ही याला शब्दवजन म्हणतो,” ती सांगू लागली. “असं बघ, घरात दिवसभर माणसं बोलतच असतात. सगळंच हुकूम समजून यंत्र पाळायला लागलं तर अनर्थ होईल. आणि दोन माणसांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या तर? कुणाचं ऐकायचं? सुरुवातीला आम्ही घरांनाच विचारलं. प्रत्येक घर म्हणालं, आमच्याकडे सगळे समान. आणि मग रोज भांडणं. शेवटी आम्ही विचारणं सोडलं आणि नुसतं ऐकायला लागलो. कोण बोलल्यावर घरात काम होतं? कुणी चहा म्हटलं, आणि जरा वेळात गॅस पेटल्याचा आवाज आला, की त्या माणसाचं वजन थोडं वाढतं. कुणी काही म्हटलं आणि काहीच झालं नाही, की कमी होतं. असं रोज. ज्याच्या शब्दानं घरात काही हलत नाही, त्याचं बोलणं टिकली पार्श्वध्वनी समजते. म्हणजे पंख्याची घरघर असते ना, तसं.”

वैजयंतीबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

“कुकरची शिट्टीसुद्धा माझ्याहून मोठी?”

“शिट्टी झाली की कुणीतरी उठतंच ना गं.”

“मीच उठते.”

मृण्मयीनं चित्र पुन्हा लहान केलं.

“अगं, मी सांगते की घरात,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “पंखा बंद करा हो कुणीतरी, म्हणते. कपडे वाळलेत, म्हणते.”

“आणि मग?”

“मग थोडं थांबते. परत म्हणते. मग उठून मीच करते.”

“तोवर टिकलीची वाट बघायची मुदत संपते, मावशी. बोलणं आणि काम यांचा संबंध टिकलीला लागत नाही. शिवाय काम कुणी केलं हेही तिला कळत नाही. घरात माणसांवर पाळत ठेवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे ती फक्त बोलणं टिपते आणि कामाचा आवाज टिपते.”

“पण हे स्वयंपाकघर आहे. इथं तरी माझं चालायला नको?”

“वजन खोलीगणिक वेगळं असतं. पण काका हॉलमधून सांगतात आणि काम इथं होतं.” मृण्मयीचा आवाज खाली आला. “खरं सांगू? वजन बोलणाऱ्याचं नसतंच. ऐकणाऱ्यानं दिलेलं असतं. काकांचा हा एवढा गोल आहे ना, तो बहुतेक तूच वाढवलायस.”

वैजयंतीबाईंना एकदम हसू आलं, आणि ते अर्ध्यात विरलं. भाकऱ्या थापण्यात आयुष्य गेलं होतं, त्यात ही एक आणखी.

“तू हातानं वाढवून दे ना माझं वजन.”

“देईन, पण ते टिकणार नाही. ती रोज ऐकते, रोज मोजते. आठवड्यात परत होतं तिथं येईल. घरच्यांनी तुझं ऐकायला हवं, दुसरा उपाय नाही.”

“आणि ही असली भांडणं मिटली का तुमच्या या शोधानं?”

“मिटली. तक्रारी बंदच झाल्या.”

“होणारच की,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “तक्रार करणारीचं ऐकू गेलं तर ना!”

संध्याकाळी मृण्मयीनं सगळ्यांना बसवून समजावलं. विद्याधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं मुळीच वाईट नव्हते. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. “मी हिला कधी नाही म्हटलंय? विचार तिला.” हे खरंच होतं. नाही म्हणायला आधी ऐकावं लागतं. पण त्यांनी उत्साहानं ठरवून टाकलं, की उद्यापासून घरात वैजयंतीचा हुकूम. तन्मयनं हसत सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हुकमाची वाट बघत बसले, आणि वैजयंतीबाईंना हुकूम सोडताच येईना. “जरा पाणी देता का... नको, राहू द्या, मीच घेते.” टिकल्यांनी तेही ऐकलं. विद्याधरराव पेला घेऊन नाटकी अदबीनं उभे राहिले, तेव्हा तर वैजयंतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी क्रिकेटचा सामना होता. त्या म्हणाल्या, “कपडे आत घ्या.” “घेतो, एवढी ओव्हर होऊ दे,” हॉलमधून उत्तर आलं. तन्मय सुटी घेऊन घरीच होता, पण त्याच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं. आभाळ भरून आलं तशी वैजयंतीबाई उठल्या आणि कपडे घेऊन आल्या. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. उपक्रम त्याच दिवशी संपला, आणि तो संपल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मात्र एक वाक्य वैजयंतीबाईंच्या डोक्यात रुतून बसलं होतं. काम कुणी केलं हे टिकलीला कळत नाही.

पुढच्या दुपारी विद्याधरराव वाचनालयात गेले, तन्मय कामावर. वैजयंतीबाई स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. दाराला कडी आहे ना, ते त्यांनी दोनदा बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, “नळ सोड.” आणि लगेच जाऊन नळ सोडला.

आपला हात जगन्नाथ, दुसरं काय. “डबा काढ.” काढला. “खिडकी लाव.” लावली. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चौथ्या दिवशी त्यांनी म्हणून बघितलं, “वैजयंती, ऊठ.” कितीतरी वर्षांत या घरात ते नाव घेऊन कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. अगं होतं, आई होतं, काकू होतं. त्या उठल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आर्जवी सुरात सांगितलं तर स्वतःचंच अंग लवकर हलत नाही. दरडावलं, की पाय आपोआप निघतात. मग त्या दरडावायला लागल्या. “चहा!” नुसतं एवढंच, मागेपुढे काही नाही. “किती वेळ? ऐकू येत नाही का?” हे तोंडून गेलं तेव्हा त्या चपापल्या. शब्द त्यांचे नव्हते आणि ती पट्टीही त्यांची नव्हती. रिकाम्या घरात त्या हुबेहूब विद्याधररावांसारख्या बोलत होत्या, आणि स्वतःच धावत होत्या. वाईट याचं वाटलं, की त्यात त्यांना गोडी वाटू लागली होती. कुणीतरी सांगावं आणि ते तडक व्हावं, यात केवढं सुख असतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं.

पावसाळा सरला. एका दिवेलागणीला कुकर लावून झाल्यावर त्यांनी सवयीनं, फारशी आशा न धरता म्हटलं, “सारंगी लाव.”

क्षणभर काही झालं नाही. मग चारही भिंतींतून तो सूर निघाला.

वैजयंतीबाईंनी ओट्याचा आधार घेतला. जुन्या रेडिओत खरखर असे. इथं गजाची घासण, वादकाचा श्वास, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि ते सगळं त्यांच्या शब्दावर चाललं होतं. त्या पाटावर बसल्या. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. मृण्मयीला फोन करून सांगावं असं त्यांना वाटलं, पण आत्ता उठायचं नव्हतं.

“ते रडगाणं बंद कर,” हॉलमधून विद्याधररावांचा आवाज आला. ते टिकल्यांशी बोलत होते.

सारंगी चालूच राहिली.

वैजयंतीबाईंनी श्वास रोखला. स्वयंपाकघर दोघांचे शब्द तोलत होतं, आणि पहिल्यांदाच त्यांचं पारडं जड ठरलं होतं.

“बंद कर म्हणतो ना!” विद्याधरराव जरा जोरात म्हणाले. सूर तसाच वर चढत गेला. “हे बिघडलं वाटतं.” आरामखुर्ची कुरकुरली. मग रोजच्याच आवाजात, राग नाही, काही नाही, त्यांनी हाक मारली.

“अगं, ऐकू येत नाही का?”

“बंद कर,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

तोंडातून गेल्यावर त्यांना ते कळलं. स्वयंपाकघरानं मात्र पहिल्या शब्दाला ऐकलं. आता इथं त्यांच्या शब्दाला वजन होतं. सूर मध्येच तुटला आणि कुकरची शिट्टी झाली. वैजयंतीबाई उठल्या.

“झालं बघ नीट,” हॉलमधून समाधानानं आवाज आला. “उगाच मृण्मयीला बोलवावं लागलं असतं.”

आणि भिंतीवरच्या टिकल्यांनी आपली नोंद चोख केली: विद्याधररावांनी सांगितलं, आणि जरा वेळात काम झालं.