बाराचा पाना

मामांनी तीस वर्षं बस चालवली. गाड्यांबद्दल कुणी थापा मारलेल्या त्यांना खपत नाहीत, आणि स्वतः मारायची त्यांना कधी गरज पडली नाही. त्या रात्री जेवणं उरकून भाचरं गच्चीवर आडवी झाली होती. थोरल्या भाच्यानं जाहीर केलं की तो स्वस्तातली जुनी गाडी घेणार, आणि काय बिघाड असेल तो घरीच बघणार.

"घे की," मामा म्हणाले. "हात आहेत ना तुला. हात तर मशीनभाऊलाही होते."

मग त्यांनी उशी पाठीशी घेतली आणि सांगायला लागले.

मशीनभाऊ म्हणजे मामांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. शिलाई मशीन दुरुस्त करायचा. एका रविवारी सकाळी तो मागच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईंच्या मशीनला तेल द्यायला गेला, आणि परत आला तो गाडी घेऊन. बाईंचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. तेव्हापासून गाडी दाराशी धूळ खात होती. अर्ध्या वाटेत बंद पडते, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. यजमानांची पान्यांची कापडी गुंडाळीही दिली. दर पान्याला एक कप्पा, बाईंनीच शिवलेला. त्यातल्या एका कप्प्याचं तोंड मात्र शिवून बंद केलेलं होतं.

बाराचा पाना हरवला, बाई म्हणाल्या, आणि ह्यांना रिकामा कप्पा बघवेना, म्हणून शिवून टाकला. शेवटी अंथरुणाला खिळले तरी तेवढंच विचारायचे. बाराचा सापडला का.

मशीनभाऊनं मान हलवली आणि ते विसरून गेला. टाके तेवढे त्याच्या नजरेत भरले. दर सातवा टाका सुटलेला. बाईंच्या मशीनची ती जुनी खोड. ती त्यानं नेमकी त्याच सकाळी दुरुस्त केली होती.

गाडी हवी होती त्याच्या बायकोसाठी. ती वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात नर्स, सकाळी सहाची पाळी, आणि पहिली बस पोचेपर्यंत साडेसहा. रोज कुणाकुणाच्या गाडीला हात करत जायची. मोठ्या सिस्टरनं दोनदा उशीर सोडून दिला होता. तिसऱ्यांदा झाला तर येऊच नका, असं तोंडावर सांगितलं होतं. घर तिच्याच पगारावर चालायचं. हल्ली शिवतंय कोण?

तर ही गाडी. थंड असली की एका झटक्यात चालू. पुलापर्यंत लोण्यासारखी जायची. पुलावर पोचली की डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे आणि इंजिन मान टाकायचं. अर्धा तास रुसून बसायची, मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. मशीनभाऊनं प्लग बदलले. कॉइल बदलली. पेट्रोलचा पंप बदलला. कार्बुरेटर तीनदा उघडून धुतला. गॅरेजात न्यायला तयार नव्हता. सगळ्या जगाची मशीनं मी नीट करतो आणि माझी गाडी दुसऱ्यानं उघडायची? पायानं चालणाऱ्या मशीनांत वय गेलेला माणूस. फिरतं, घासतं, अडकतं ते त्याला कळायचं. विजेकडे त्याची नजरच जायची नाही.

"तुमच्या हाताखाली ती शिवायलासुद्धा शिकेल," बायको म्हणाली, "पूल तेवढा ओलांडणार नाही."

फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार. बुधवारी गाडी पुन्हा पुलावरच बंद पडली होती, आणि बायकोला उशीर झाला नाही तो केवळ एका दूधवाल्यानं गाडीवर घेतलं म्हणून. मामा त्या रात्री लांबच्या फेरीवर होते, नाहीतर शुक्रवारी पहाटे त्यांनीच सोडलं असतं. मशीनभाऊनं गाडी जॅकनं उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि फळीवर पाठ टेकून खाली सरकला. बायको उलट्या बादलीवर बसली. एका हातात बॅटरीचा उजेड, मांडीवर गुंडाळी. तो नंबर मागायचा, ती पाना द्यायची. त्यांची रीतच तशी. तो बघायचाही नाही, नुसता हात बाहेर काढायचा.

साडेदहाला ती काहीतरी बोलली. तो ठोकत होता. हं म्हणाला.

पावणेदोन वाजले. स्टार्टर खोलायचा त्यानं ठरवलं. दुसरं काही उरलंच नव्हतं. हात बाहेर काढला. चौदाचा दे.

हातात पाना आला. लावून बघितला. बसेना. बाराचा होता.

"चौदा मागितला," तो म्हणाला. पाना बाहेर ठेवला.

पुन्हा पाना आला. पुन्हा बाराच.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. चार रात्रींचा राग बाहेर आला. झोप येत असेल तर जाऊन झोप, म्हणाला, नोकरी तुझी जाणार आहे, माझी नाही. असं बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळलं. 

उजेड हलला.

स्टार्टरवरून हळूहळू सरकत मागे गेला. गिअरबॉक्सच्या कडेला. तिथेच थांबला. तिथे एक जाड विणलेली तार होती. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, विजेची परतीची वाट. हिरवी पडलेली. तिचा बोल्ट बोटानंसुद्धा हलत होता.

त्यानं बाराचा पाना लावला. चपखल बसला.

आणि तेव्हा... वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अहो," बायकोचा झोपाळू आवाज आला. "कुणाशी भांडताय?"



त्यानं मान वळवली. गाडीखालून बादली दिसत होती. बादलीपाशी पाय नव्हते. कुणाचेच.

उजेड मात्र स्थिर होता. गुडघ्याच्या उंचीवरून येत होता.

पळायचं तर त्याच बाजूनं बाहेर पडावं लागणार... आणि सहाला चार तास उरले होते.

त्यानं बोल्ट काढला. तार घासली. चकाकेपर्यंत घासली. बोल्ट पुन्हा आवळला. 

"झालं," तो म्हणाला.

पाना धरलेला हात बाहेर काढला. डोळे मिटून.

पाना घेतला गेला...

उजेड विझला.

सकाळी नर्सबाई सहाला दहा कमी असताना इस्पितळाच्या दारात उतरल्या. पुलावर दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

मामा आठला घरी आले तेव्हा मशीनभाऊ पायरीवर बसला होता. मांडीवर ती गुंडाळी. त्यानं ती मामांपुढे धरली.

मामांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. बंद कप्पा तसाच बंद. जुना, विटलेला दोरा. एक धागा तुटलेला नाही, दर सातवा टाका सुटलेला.

आणि आत बोटाला लोखंड लागत होतं. कापडावर तेलाचा ताजा डाग हळूहळू पसरत चालला होता.