बिनसांगाड्याचं विमान

मृण्मयीचं विमान उडत का नाही, या एकाच कोड्याने त्या सकाळी खाडीकाठची शाळा हैराण झाली होती.

साल होतं २०५१. समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात बाळांना द्यायची लस संपली होती आणि खवळलेल्या समुद्रामुळे होडी बंद होती. लशीचा डबा स्वतः बनवलेल्या छोट्या, बिनवैमानिकाच्या विमानाने पोचवायचं काम मृण्मयीने हट्टाने मागून घेतलं होतं. पण डबा पोटात ठेवला, की विमान जागचं हलेना. बिचारी रडकुंडीला आली.

शाळेचा यंत्रमानव बंब्या विमानाभोवती एक फेरी मारून हसत सुटला. "अगं, हे विमान आहे की आकाशकंदील?"

आता कंदील करण्यात मृण्मयीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आधी कामट्यांचा सांगाडा, मग वर कागद. विमानही तिने तसंच केलं होतं, फक्त कामट्यांऐवजी लोखंडी सळया.

"मग? सांगाड्याशिवाय उभं कसं राहील?" ती फणकारली.

"कंदिलाचा कागद नुसता मिरवतो, भार पेलतात कामट्या. तुझ्या सळयाच इतक्या जड, की डब्याचं वजन उचलायला ताकद उरतेय कुठे?"

बंब्याने एक कागद टेबलावर उभा धरून सोडला. तो आडवा झाला. मग त्याचीच नळी चिकटवून उभी केली आणि वर वही ठेवली. नळी ढिम्म!

"गोल झाल्यावर भार सगळ्या कागदावर वाटला गेला. ही कवचरचना (बाहेरच्या आवरणानेच भार पेलायची बांधणी). कित्येक मोटारी, विमानं याच युक्तीने हलकी होतात. माझ्या पोटातही एक सळई नाही!"

मृण्मयीने सळया उपसून काढल्या आणि पातळ, चिवट पत्र्याची नळी केली. डबा आत ठेवायला नळीला खिडकी पाडली मात्र, ती तिथेच चेपली.

"संपलं सगळं!" तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? तिथला पत्रा गेला. मग त्याच्या वाट्याचा भार आता कुणावर?" बंब्याने विचारलं.

मृण्मयी विचारात पडली. "खिडकीच्या कडांवर!" ती ओरडली आणि धावत जाऊन तिने जाड कडं आणलं. खिडकीभोवती ते पक्कं बसवल्यावर नळी पुन्हा ताठ झाली.

विमान डब्यासकट उडालं. वीस मिनिटं कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला. मागे कुणीतरी भोकाड पसरलं होतं.

"ऐकलंस? पहिल्या बाळाला लस टोचली! पोरी, आता दोन डबे नेणारं विमान करशील?"

"करते की," मृण्मयी म्हणाली. बाळाचं रडणं तिला इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं.