चोरट्या प्रतीतले आवाज

सत्य कितीही खोल गाडलं तरी एक दिवस ते भर कोर्टात उभं राहून बोलतं. हे वाक्य मी वकिली सुरू केल्यापासून दर भाषणात वापरत आलो. सत्य खरोखरच उभं राहिलं तर मागच्या दाराने सर्वांत आधी मीच पळेन, हे मात्र मनातच ठेवलं. परवा ते बोललं. मी पळालो नाही, कारण माझा कोट ताईंच्या हातात होता.

ताई म्हणजे माझी अशील. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनं, कापायचं टेबल, गिऱ्हाइकाला थोडं बारीक दाखवणारा आरसा, आणि वाट बघणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला वायफायचा पासवर्ड. एका प्रकाशन कंपनीचं बोलकं पुस्तक, म्हणजे एका गृहस्थांनी गोड आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केलेलं, याच इंटरनेट जोडणीवरून जगभर फुकट वाटलं गेलं होतं. कंपनीने जोडणी कुणाची ते शोधलं आणि ताईंवर दावा ठोकला. हरल्या तर भरपाईत दुकान जाणार होतं.

"दादा, मी ते पुस्तक ऐकलंसुद्धा नाही हो," ताई म्हणाल्या. "यशस्वी कसं व्हावं हे ऐकायला मला वेळ कुठाय?"

माझी बाजू साधी होती. दार ताईंचं, कबूल. पण दारातून गेलं कोण, ते कंपनीने दाखवावं.

कोर्टात दोन प्रती जमा होत्या. एक कंपनीची मूळ आणि दुसरी इंटरनेटवरून उतरवून सीलबंद केलेली चोरटी. दोन्हींच्या नकला मला मिळाल्या. दुपारी जेवणं झाल्यावर बायको शेंगा सोलत बसली आणि मी सोफ्यावर पाय पसरून ऐकायला लागलो.

मूळ प्रत स्वच्छ होती. चोरट्या प्रतीत मात्र त्या गोड आवाजामागे एक अख्खी खोली होती. तिथे पंखा फिरत होता, फेरी पुरी होताना अडखळत. कुणीतरी जोरात शिंकलं. मग अगदी जवळ, टक्.

"दाताने दोरा तोडला कुणीतरी," बायको मान वर न करता म्हणाली. "आणि त्याआधी मागे एक बाई 'आवाज वाढवा' म्हणाली."

"मला नाही आलं ऐकू."

"तुम्हाला माझं तरी कधी येतं?"

तेवढ्यात यशाची दुसरी पायरी लागली आणि माझे डोळे मिटले. त्यापुढे मी कधीच गेलो नाही. बायको दूध उतू जाईल म्हणून उठली ती उठलीच.

पण तो दोरा डोक्यातून जाईना. संध्याकाळी दुकानात गेलो.

"ताई, खरं सांगा. तुमच्या इथे कुणी ती प्रत वाजवून पुन्हा मुद्रित केली का? त्यात दोरा तोडल्याचा आवाज आहे."

ताईंनी कात्री खाली ठेवली. "दादा, मी दोरे तोडते, कायदे नाही."

"आणि पंखा?"

"वर बघा की."

वर नुसतं छत होतं. कापड उडतं म्हणून त्यांनी दुकानात पंखा लावलाच नव्हता. मला हायसं वाटलं. म्हणजे ती खोली दुसरी होती. ती सापडली की चोर सापडेल, अशी माझी समजूत झाली.

सुनावणीच्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. दालन उंच, भिंतींना नवा रंग, बाकांना जुनी पॉलिश. बसतो न बसतो तोच ताई कुजबुजल्या, "अहो, बाही उसवलीय. असे उभे राहिलात तर जजबाई मलाच दोषी धरतील. काढा तो कोट!" पिशवीतून सुई निघाली.

कंपनीचे वकील समोर उभे राहिले. बार रूममध्ये आम्ही त्यांना इस्त्री म्हणतो. त्यांच्या अंगावर सुरकुती नाही आणि बोलण्यात गारवा नाही. "दोन्ही प्रती एकाच पुस्तकाच्या आहेत, हे कोर्टाने स्वतःच ऐकावं," ते म्हणाले. कारकुनाने चोरटी प्रत मोठ्या स्पीकरला जोडली.

गोड आवाज सुरू झाला. मागे पंखा होता, अडखळणारा.

मी वर पाहिलं. डोक्यावरचा पंखाही अडखळत होता. जुने पंखे सगळे असेच अडखळतात, असं मी स्वतःला समजावलं.

स्पीकरमध्ये कुणीतरी शिंकलं. मागोमाग साक्षीला आलेले कंपनीचे संगणकतज्ज्ञ शिंकले. अगदी तस्सेच.

स्पीकरमधून अस्पष्ट आलं, "आवाज वाढवा."

"आवाज वाढवा," जजबाई म्हणाल्या आणि हात तोंडाशी नेऊन थांबल्या. कारकुनाने आवाज वाढवला होता.

टक्.

शेजारी ताईंनी माझ्या बाहीचा दोरा दाताने तोडला. टक्.

इस्त्री ताडकन उठले. पण बोलला स्पीकर, त्यांच्याच आवाजात: "ऐकलंत? हा दोरा तोडल्याचा आवाज आहे! हे शिवणाचं दुकान आहे!"

"ऐकलंत?" इस्त्री म्हणाले. तयार वाक्य उताराला लागलं होतं, थांबता थांबेना. "हा दोरा तोडल्याचा... शिवणाचं..."

गोड आवाज यशाची दुसरी पायरी समजावत राहिला.

"सील कधी लावलं होतं?" जजबाईंनी तज्ज्ञांना विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात, मॅडम. तुमच्याच सहीने."

मी उठलो खरा, पण बोलायचं काय ते सुचेना. तेवढ्यात स्पीकरमध्ये माझा घसा खाकरला आणि माझं भाषण आलं. मी ते शब्दशः म्हटलं. दुसऱ्याचं भाषण मी पूर्वीही उचललंय. स्वतःचं उचलायची वेळ पहिलीच.

"मॅडम, मागच्या आवाजांवरून चोर ओळखायचा असेल तर मला मान्य आहे. खोली ही आहे. आणि यात सर्वांत स्पष्ट आवाज माझ्या विद्वान मित्रांचा आहे."

इस्त्रींच्या कॉलरला पहिल्यांदा सुरकुती दिसली.

"बंद करा ते," जजबाई म्हणाल्या. "निकाल मी देणार आहे."

कारकुनाने प्लग उपटला. जजबाई पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि त्या हळूहळू बोलल्या. "जोडणी कुणाची हे सिद्ध झालं. ती वापरली कुणी, हे झालं नाही. आवाजावरून माणूस धरायचा तर आज मलाही धरावं लागेल. दावा फेटाळला."

ताईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरले होते, तोंड मात्र शाबूत होतं. "दादा, आता दुसरी बाही दाखवा. तीही गेलीच आहे."

संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. शटर वर होतं, दोन्ही मशिनं चालू होती. भिंतीवरचा पासवर्ड पुसलेला होता, आणि आत एक नवरी आरशात स्वतःला थोडं बारीक बघत होती. बरं वाटलं. एवढ्यासाठी माणूस वकिली करतो.

घरी आलो. दाराची कडी नेहमीसारखी कुरकुरली.

"हात धुतलेत का?" बायकोने आतून विचारलं.

धुतले. सोफ्यावर बसलो आणि जिथे मला झोप लागली होती तिथून प्रत पुढे लावली. आधी इस्त्री आले, मग माझं भाषण. मग जजबाई, पाण्याचा घोट, शेवटी "दावा फेटाळला". कोर्टात प्लग निघाल्यानंतरचंही सगळं, शब्दाला शब्द. बाक सरकले, पावलं जिन्यावरून उतरली. गोड आवाज आपला वाचतच होता.

मग शिवणाची दोन मशिनं. मग रस्ता.

मग एक कडी कुरकुरली.

"हात धुतलेत का?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको पाठमोरी भांडी लावत होती.

वाचणारा पहिल्यांदाच गप्प झाला. प्रतीत सोफ्याची स्प्रिंग वाजली, आणि अगदी माझ्या कानाशी तोच गोड आवाज मोठ्या अदबीने म्हणाला,

"वकीलसाहेब, जरा पलीकडे सरकता का?"